सिंगल की मल्टी? आधी काय हरवलंय ते सांगा!

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. राजकारणावरून नाही आणि क्रिकेटवरूनही नाही. भांडण आहे मेटल डिटेक्टरवरून. हसू नका. ज्यांच्या घरात एखादा तरणाबांड पोरगा रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर "पुराना खजाना मिला" छाप व्हिडिओ बघत बसतो, त्यांना हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही हे बरोबर कळेल.

आमच्या भाचेबुवांनी परवा फोन केला. "मामा, सिंगल फ्रिक्वेन्सीवालं घेऊ का मल्टी? मल्टीवाला म्हन्ते का थे खोलातलं सोनं दाखोते." मी म्हटलं, "तुले शोधाचं काय हाये?" तिकडून उत्तर आलं, "असंच, शोधाले."

हे "असंच" माझ्या डोक्यात गेलं, आणि म्हणून ही पोस्ट. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही ते मोकळे. आपल्या भागात या मशीनचं प्रामाणिक काम एकच आहे, अलीकडे हरवलेली वस्तू शोधणं. त्या कामाला बरं सिंगल फ्रिक्वेन्सी मशीन पुरतं. दुसरं काम गुप्तधनाचं. त्या कामाला जगातलं भारीतलं भारी मल्टीही पुरत नाही, आणि पुरलं असतं तरी ते काम करू नये.

आता जरा मशीनचं बघू. तत्त्व साधं आहे. खालच्या गोल कॉइलमधून उलटसुलट वीज खेळते, त्यातून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, खाली धातू असला की त्याच्यात भोवर्‍यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचा पडसाद दुसरी कॉइल टिपते. पडसाद किती मोठा आणि किती उशिरा, यावरून मशीन अंदाज बांधतं. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगात रुतलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल असंच यंत्र घेऊन गेले होते. गोळी काही सापडली नाही. गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनीही घोटाळा केला असं सांगतात. म्हणजे जवळच्या लोखंडाने यंत्र आंधळं होतं हा धडा सव्वाशे वर्षांहून जुना आहे!

सिंगल फ्रिक्वेन्सी म्हणजे सेकंदाला ठराविक हजार वेळा, एकाच वेगाने ही वीज उलटसुलट होणार. कुणाचं मशीन साडेसहा किलोहर्ट्‌झचं, कुणाचं बाराचं, कुणाचं पंधराचं. मल्टी म्हणजे एकाच वेळी दोन-चार-पाच वेग सोडायचे आणि सगळ्यांचे पडसाद ताडून बघायचे. बाजारात मडकं घेताना कुणी एकदा टिचकी मारून घेतो, कुणी चहूबाजूंनी वाजवून बघतो, तसंच. यात नवीनही काही नाही. दोन फ्रिक्वेन्सींची मशीनं १९९१ पासून बाजारात आहेत. वाद पेटला तो २०१७ साली, जेव्हा मिनलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीने आपलं इक्विनॉक्स आणताना, आता सगळी सिंगल मशीनं कालबाह्य झाली, अशीच जाहिरात केली. तेव्हापासून मल्टी म्हणजे शहाणा आणि सिंगल म्हणजे अडाणी अशी वाटणी झाली.

मल्टीवाल्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा मीच मांडतो, कारण तो आपल्याच मातीतला आहे. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची. नाल्याच्या वाळूत चुंबक फिरवून बघा, काळी बुकी चिकटून येते. हे लोहकण मशीनला धातूसारखेच भासतात. शिवाय आपण पडलो पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. इथल्या मातीत खार आहे, आणि खारी माती ओली झाली की तीही वीज वाहून नेते, म्हणजे तिचाही पडसाद येतो. लोहकणांचा पडसाद एका तर्‍हेचा, ओल्या खाराचा दुसर्‍या तर्‍हेचा. सिंगल मशीनला जमीन "शांत" करायचं एकच बटण असतं. एक गप्प केलं की दुसरं बोंबलतं. मल्टीला मात्र दोन्ही गप्प करता येतात, कारण फ्रिक्वेन्सी बदलली की खाराचा पडसाद बदलतो आणि लोहकणांचा फारसा बदलत नाही. हा फरक वापरून दोन्ही वजा करता येतात. हे खरं आहे, आणि याला माझी ना नाही. ओल्या खारपाणात सिंगल मशीन घेऊन फिरणार्‍याचे कान किटतील.

मग भांडण कशाचं? तर याच्यापुढे जे विकलं जातं त्याचं.

पहिली गोष्ट. "मल्टी" असं खोक्यावर लिहिलेलं प्रत्येक मशीन मल्टी नसतं. काही मशीनांत चार फ्रिक्वेन्सी असतात, पण एका वेळी त्यातली एकच निवडायची. तेही चांगलंच मशीन, उपयोगाचं, पण ते निवडीचं सिंगल झालं. वर जे वजाबाकीचं सांगितलं ते त्याला जमत नाही, कारण ताडून बघायला दुसरा पडसादच नाही. विकणारा हे सांगत नाही. आणि "अठ्ठावीस फ्रिक्वेन्सी" वगैरे आकड्यांनी दिपून जाऊ नका. किती सोडल्या हा एक आकडा, त्यातल्या किती खरोखर वाचल्या हा दुसरा. जाहिरातीत पहिलाच असतो.

दुसरी गोष्ट, खोली. भाचेबुवांचं "खोलातलं सोनं". कॉइलचं क्षेत्र अंतराच्या घनाने विरळ होत जातं. जाताना एकदा आणि येताना पुन्हा एकदा. म्हणजे कॉइलपासून जरा लांब गेल्यावर खोली दुप्पट झाली की पडसाद साधारण चौसष्टावा भाग उरतो. हा निसर्गाचा हिशेब आहे, तो फ्रिक्वेन्सी वाढवून चुकवता येत नाही. एखादं नाणं साध्या मशीनवर आठ-दहा इंचांवर लागत असेल तर मल्टीवर त्याच्यापेक्षा थोडं खाली लागेल, आणि मुख्य म्हणजे ते नाणं आहे की खिळा हे जास्त नीट कळेल. पण दहा इंचांचे दहा फूट होत नाहीत, हो!

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. यातलं कुठलंही मशीन सोनं ओळखत नाही. मशीनला कळतो फक्त वस्तूचा आकार आणि तिची वीज वाहण्याची ताकद, दोन्ही एकत्र मिसळून. पातळ सोनं आणि औषधाच्या गोळ्यांची अॅल्युमिनियमची पन्नी यांचा आकडा एकच येऊ शकतो. सिंगलवर येतो, मल्टीवरही येतो. "गोल्ड मोड" हे बटणाचं नाव आहे. आपल्या शेतांत पन्न्या किती आणि सोनं किती, याचा अंदाज ज्याने त्याने आपापल्या बांधावर उभं राहून करावा.

आता त्या एकमेव प्रामाणिक कामाकडे येऊ. आपल्याकडे धातूचं हरवतं काय? कापूस वेचताना बाईच्या गळ्यातली पोत तुटते. अंगठी निसटते. कानातलं पडतं. कोळप्याची पास, नांगराचा बोल्ट, मातीखाली गेलेलं पाईपलाईनचं झाकण. बस.

अंगठी शोधणं सोपं. ती बंद कडं असल्यामुळे तिच्यात प्रवाह छान फिरतो, कुठलंही मशीन बोलतं. चांदीचा जुना बंदा रुपया त्याहून सोपा, आणि त्याला खालच्या फ्रिक्वेन्सीचं मशीन उत्तम. पाईपलाईनचं लोखंडी झाकण तर बहिर्‍यालाही ऐकू येईल. अवघड आहे ती पोत. मावशी, काकू, हे तुमच्यासाठी. पोतीतले सोन्याचे मणी आतून पोकळ, लाख भरलेले, वर पातळ पत्रा, आणि ओवलेले दोर्‍यात. आपल्या डोळ्याला तो एक दागिना दिसतो, पण मशीनला दिसतात सुटे सुटे मणी, प्रत्येकाचा पडसाद मुंगीएवढा. बारीक साखळीचंही तेच. मशीनला अख्खी साखळी दिसत नाही, एकेक कडी दिसते. असल्या बारीक वस्तूंना वरची फ्रिक्वेन्सी लागते, पंधरा-वीस किलोहर्ट्‌झ किंवा त्याहून वर. साडेसहाचं मशीन इथे मुकं बसेल. म्हणजे विचारायचा प्रश्न "सिंगल की मल्टी" हा नव्हताच. "कोणती फ्रिक्वेन्सी, कशासाठी" हा होता.

आता मल्टीवाले म्हणतील, आमच्याकडे वरचीही आहे आणि खालचीही आहे, शिवाय खार वजा होतो. अहो, तिथेच तर मेख आहे. बारीक सोन्याचा पडसाद आणि ओल्या खाराचा पडसाद एकमेकांसारखेच असतात. खार वजा करताना बारीक सोनंही त्याच्याबरोबर वजा होतं. समुद्रकिनार्‍यावर शोधणार्‍या लोकांना हे चांगलं ठाऊक आहे, खार्‍या पाण्यात अंगठ्या सापडतात आणि बारीक साखळ्या हरवतात. तेव्हा ज्या मुद्द्यावर मल्टी जिंकतं, नेमक्या त्याच मुद्द्यावर आपली पोत हरते.

यावर उपाय फुकटचा आहे. वाट बघा! खार कोरडा असला की गप्प असतो. खारपाणात ओलीत तसंही कमी, खालचं पाणीच खारं. वेचणीच्या दिवसांत कोरडवाहू रानाचा वरचा थर सुकलेला असतो. पोत तुटली तर त्याच दिवशी जागेवर खूण करा, आधी हाताने आणि चाळणीने बघा, मग दोर्‍या बांधून पट्टे पाडून मशीन हळू फिरवा. मात्र नांगरटीची आणि वैशाखाची वाट बघू नका. काळी माती उन्हाळ्यात फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचं खाली जातं आणि पावसाळ्यात भेगा मिटून जातात. आपली जमीन दरवर्षी स्वतःलाच थोडी थोडी उलटत असते. (म्हणूनच "इतकं खोल सापडलं म्हणजे जुनंच असणार" हा हिशेबही आपल्या काळ्या रानात चालत नाही.)

एवढं झालं प्रामाणिक कामाचं. आता त्या "असंच"कडे वळू.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला, त्यात बुरहाणपूरच्या मोगली खजिन्याचा उल्लेख होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात असीरगडाजवळच्या शेतात माणसं रात्री मोबाईलच्या उजेडात खड्डे खणत बसली. काहींच्या हातात डिटेक्टरही होते. बुरहाणपूर काही आपल्याला परकं नाही, मलकापूरवरून सरळ रस्ता आहे. शेतात खड्डेच खड्डे झाले, पोलिसांना यावं लागलं. बरं, इतिहास काय सांगतो? १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने बुरहाणपूर लुटलं. लूट घेऊन फौज गेली ना? की नंतर येणार्‍यांच्या सोयीसाठी शेतात पुरून गेली?

पण गुप्तधनाच्या माणसाला तर्क पुरत नाही आणि मशीनही पुरत नाही. सिंगलवर नाही सापडलं की तो म्हणतो, मल्टी पाहिजे होतं. मल्टीवर नाही सापडलं की अँटेनावाला येतो, जो शंभर मीटरवरून सोनं दाखवतो. हे अँटेनावालं प्रकरण शुद्ध फसवणूक आहे. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या इंग्रजाने असलीच पोकळ दांडी बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून इराकला विकली. माणसं त्याच्या भरवशावर मेली, आणि २०१३ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. अँटेनानंतर येतो तो मांत्रिक. इथे हसणं थांबतं. २०१३ च्या आपल्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा आणि नरबळीचा उल्लेख हौसेने केलेला नाही. मशीन ही त्या उताराची पहिली पायरी असते, आणि ती विज्ञानाच्या कपड्यात असते म्हणून घरचे अडवत नाहीत.

"पण इंग्लंडात सापडतं ना!" सापडतं. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये एका शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड साठा एका हौशी माणसाला सापडला. त्याच्या हातातलं मशीन चौदा वर्षं जुनं होतं. मल्टीच्या जाहिरातीत हे कुणी छापत नाही. आणि त्याने शेतमालकाची परवानगी घेतली होती, सापडल्यावर सरकारला कळवलं, मग पुरातत्त्ववाल्यांनी शेत रीतसर उकरलं. तिथे हौशी लोकांच्या वस्तू नोंदवून घ्यायची व्यवस्थाच आहे. आपल्याकडे काय आहे? रात्र, टिकाव आणि चौघांत वाटणी.

आणि आपल्या जिल्ह्यात खरोखर मोलाचं काय निघालं ते बघा. २०२४ साली सिंदखेडराजाला लखुजीराजे जाधवांच्या समाधीजवळ काम करताना पुरातत्त्व खात्याला आधी जुन्या मंदिराचे अवशेष आणि मग शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली. दगडाची! संग्रामपूर तालुक्यातल्या भोनला, पूर्णेच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या लोकांनी खोदलं तेव्हा विटांचा बौद्ध स्तूप आणि भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या, दोन हजार वर्षांहून जुन्या. विटा आणि मातीच्या! यातल्या कशावरही कुठलंच मशीन, सिंगल असो की मल्टी, "टूं" सुद्धा करणार नाही. उलट मशीनवाला तिथे गेला असता तर एखाद्या खिळ्याच्या मागे लागून त्याच विटा त्याने फोडल्या असत्या.

भोनचं नाव काढलं ते मुद्दाम. ती जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातली, आणि जिगाव आपल्याच नांदुरा तालुक्यातलं. त्या धरणापायी कित्येक गावं उठायची आहेत, काही उठलीही. भाचेबुवांना खोदून खोदून विचारलं तेव्हा "असंच"चा अर्थ कळला. चार मित्र मिळून कर्ज काढून मशीन घेणार आणि उठलेल्या गावाच्या पांढरीत फिरवणार. "लोकं गेले ना मामा सोडून, आता कोनाचं हाये थे?"

बाबा रे, कुणाचं आहे ते तुला कायदाच सांगतो. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. न कळवणार्‍याचा हक्क जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि हे नीट वाच. शंभर वर्षांच्या आत कुणी ते पुरलेलं असेल आणि त्याच्या वारसाने हक्क सांगितला, तर त्याला तो कोर्टात सिद्ध करायला वेळ द्यायचा, असंही त्याच कायद्यात लिहिलंय. धनी नाहीच असं ठरलं आणि आधी काही करार नसेल, तर तीन हिस्से शोधणार्‍याचे आणि एक जमीनमालकाचा. म्हणजे सरळ वागणार्‍याला कायदा उपाशी ठेवत नाही. पण पहिला मान पुरणार्‍याचा.

पांढरीत पुरलं कुणी असेल? चोरांच्या धाकाने चुलीमागे चांदीचे चार रुपये मडक्यात घालून ठेवणारी कुणाची तरी आजी. तिची नातवंडं आज पुनर्वसनाच्या प्लॉटवर पत्र्याच्या खोलीत राहत असतील. घर गेलं, पांढरी गेली, आता आजीचं मडकंही आपण न्यायचं, आणि त्याला नाव द्यायचं "हॉबी"!

मला विचाराल तर मशीन घ्याच, पण गावात एकच. वर्गणी काढून पंधरा-वीस किलोहर्ट्‌झचं साधं सिंगल घ्या, किंवा निवडीच्या फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे बंद्या रुपयापासून पोतीपर्यंत सगळं भागेल. ते ग्रामपंचायतीत ठेवा, थ्रेशरसारखं पाळीने द्या, नेणार्‍याचं नाव आणि शोधायची वस्तू वहीत लिहा. "वस्तू" या रकान्यात जो "असंच" लिहील त्याला देऊ नका. त्याला मल्टीही देऊ नका, अँटेनाही नको आणि कर्ज तर अजिबात नको.

भाचेबुवा हे वाचणार आहेत, मला ठाऊक आहे. रागावलास तर रागाव, पण त्या चौघांना आधी एक काम सांग. उठलेल्या गावातल्या चार म्हातार्‍यांना पुनर्वसनात जाऊन भेटा आणि विचारा, "आजी, काही राहिलंय का तिथं?" कुणी "हो" म्हटलं आणि जागा दाखवली, तर मशीनचं भाडं माझ्याकडून.